मशीनची काकड आरती

सायखेड्यात थंडी पडली की माणसं द्राक्षांच्या काळजीत असतात. दोन हजार चारच्या हिवाळ्यात पुंजारामला मात्र द्राक्षांची पर्वा नव्हती. त्याचं पिवळं खोदायचं मशीन सकाळी सुरूच होत नव्हतं.

मशीन दोघा भावांचं. बाप गेला तेव्हा धाकटा सहादू शाळेतही जात नव्हता. त्याला पुंजारामनेच भरवलं, वाढवलं, छायाशी लग्नही लावून दिलं. आता दिवसभर शेततळी खोदायचं काम सहादूचं, आणि सकाळी मशीन जागं करण्याचा मान थोरल्याचा.

त्याची रीत ठरलेली होती. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, डिझेलात बुचकळायच्या, पेटवायच्या. इंजिनला हवा नेणारा पाइप उपसून तो पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरायचा आणि सहादूने चावी फिरवायची. गरम हवा आत गेली की इंजिन खोकत, काळा धूर ओकत उठायचं. गावाने याला काकड आरती म्हणायला सुरुवात केली, देवळातल्या पहाटेच्या काकड्यावरून. पुंजारामलाही ते आवडायचं. "आपला देव आरतीबिगर डोळा उघडत नाय," तो कौतुकाने सांगायचा. पाइप उद्या पुन्हा काढायचाच, म्हणून परत लावताना त्याची पट्टी आवळायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

दिवाळीत एका बोळ्यावर भागायचं. पौषात बोळ्यावर बोळे जळाले तरी इंजिन नुसतं गुरगुरायचं. बॅटरी नवी बसवली, डिझेलचा फिल्टर बदलला, नळीत अडकलेली हवा काढली. फरक शून्य. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज बोलून गेलं, "ड्रायव्हर लोक डिझेल विकत्यात अन् टाकीत रॉकेल ओतत्यात. मग काय चालू होतंय?"

बोलणाऱ्याने सहादूचं नावही घेतलं नव्हतं. पण पुंजारामच्या डोक्यात किडा वळवळू लागला. स्वतःच्या ताटातला घास ज्याला भरवला त्याच्यावर संशय! केवढी ही दळभद्री बुद्धी. पण ती आली, आणि संध्याकाळी जेवताना तोंडावाटे बाहेरही पडली.

"टाकीत रॉकेल घालतोस का रे?"

सहादूचा हात ताटातच थांबला. छाया भाकरी वाढत होती, तिने भाकरी परत टोपलीत ठेवली.

"फकिरा मेकॅनिकला बोलव," सहादू म्हणाला. "रॉकेल निघालं तर या घरात तोंड दाखवणार नाय." आणि उठला, हात धुतला. मागच्या खोलीत छायाने ट्रंक ओढल्याचा आवाज पुंजारामने ऐकला. मशीन गेलं खड्ड्यात, हा पोरगा जाऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

फकिरा सकाळी आला. म्हातारा आणि तोंडाचा फटकळ. त्याने टाकीतलं डिझेल बाटलीत काढलं, उजेडात धरलं, हुंगलं. "डिझेल चोख हाय." मग पाइपला हात लावला तर तो सहज निघून आला. आत बोट फिरवून त्याने ते सगळ्यांपुढे धरलं. बोटाला मुरमाची बारीक धूळ चिकटली होती.

"हिथं हवा तापवायला एक हीटर असतो. त्याची तार उंदरानं कुरतडलीय, बास. जोडली असती तर जाळाची गरजच नव्हती. आता सैल पाइपातून रोज धूळ खाल्ली इंजिननं. आतून घासलं, दाब राहिला नाय. दाब नाय तर थंडीत डिझेल पेटणार कसं? आरती कोण करतं?"

पुंजाराम मशीनकडे बघू लागला.

"मी," सहादू म्हणाला.

मग फकिराने त्याची बिनपाण्याने केली. अक्कल गहाण ठेवली का, इंजिन हाय का चूल, सोन्यासारखं मशीन मातीत घातलं. सहादू मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. पुंजारामने एकदोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. फकिराने हात धुतले, चहा घेतला आणि इंजिन उतरवायला उद्या येतो म्हणून गेला.

"कशाला रे अंगावर घेतलंस?" पुंजारामने विचारलं.

"परक्यासमोर थोरल्या भावाची शोभा करायची का?"

पुंजारामच्या जिवात जीव आला. पोरगं आपलंच आहे, कुठे जातंय! "चुकलं माझं, सहादू. तू नको मनावर घेऊ. छायाला सांग, ट्रंक आत ठेव म्हणावं."

सहादूने मशीनची चावी खिशातून काढली आणि पुंजारामच्या हातात दिली.

"दादा, मी परक्यासमोर तुझी अब्रू राखली," तो म्हणाला. "तू माझ्या बायकोसमोर माझी घालवली. तिला मी काय सांगू?"

छाया पदर डोक्यावर घेऊन दाराशी आली. खाली वाकून ती थोरल्या दिरांच्या पाया पडली, रोजच्यासारखीच. मग सहादूने ट्रंक खांद्यावर घेतली आणि दोघं एसटीच्या थांब्याकडे निघाली.

पुंजाराम हाक मारायला म्हणून पुढे झाला. त्याच्या हातांना अजून डिझेलचा आणि जळक्या चिंध्यांचा वास येत होता.