संशयी प्रिंटर आणि शमशेरचा बायोडाटा

मित्रांनो, पलूसच्या बाजारात दीपालीताईंच्या टेबलावर जो जुना प्रिंटर बसलाय ना, तोच मी. जवळ या, पण जरा जपून; मला पटकन कुणाचा भरवसा वाटत नाही.

का वाटावा? माझी उमेदीची वर्षं सांगलीत एका कचेरीत गेली. तिथे लोक माझ्यातून एक छापून घ्यायचे आणि बाहेर जाऊन भलतंच बोलायचे. पुढे मी खडखडू लागलो, तसं माझ्यावर पोतं टाकून मला कोपऱ्यात ढकललं. तिथून ताईंनी मला आणलं. ताई पेशानं लेखिका. निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं लिहायच्या. त्यांच्या लेखी सगळेच कर्तव्यदक्ष, सगळेच मनमिळाऊ! मी मनात म्हणालो, या बाईंचं पाणी आधी जोखलं पाहिजे.

एकदा शमशेर वेल्डर आला. तो काम करायचा ते शेड बंद पडलं होतं आणि घर त्याच्या एकट्याच्या जिवावर. एका कारखान्यात जागा निघाली होती, त्यासाठी बायोडाटा हवा होता. ताईंनी सवयीनं लिहिलं, 'प्रेमळ, हसतमुख, सर्वांचे लाडके शमशेरभाई.' मी मुकाट्यानं छापलं. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून परत आला.

"ताई, सायेब हसलं की वो! म्हणलं, ह्यो तर शाल-नारळ देऊन घरी बसवायचा कागद हाय. नीट लिवून आण, उद्या शेवटचा दिस."

ताई ओशाळल्या. शमशेर हळूच म्हणाला, "परदेशात कामाला हुतो म्हणून लिवा की. कोण बघतंय?"

हं! आता बाई खोटं लिहिणार, अशी माझी खात्रीच झाली. पण ताईंची बोटं थबकली.

"परदेश राहू दे. तू खरोखर काय जोडलंस ते सांग."

"काय सांगू? कडेगावच्या नाथाजीबापूंच्या उसाच्या ट्रॉलीचा हूक जोडलाय. असलंच सगळं."

ताईंनी लगेच बापूंना फोन लावला. हेही नाटकच असणार, मी म्हटलं! पण पलीकडून आवाज आला, "व्हय, शमशेरनंच जोडलाय. भरल्या ट्रॉल्या वढतोय त्येच्यावर. लय घट काम हाय, कुणालाबी सांगीन."

मग ताई एकेक काम विचारत गेल्या आणि ज्याचं काम त्याला फोन करून खात्री करत गेल्या. प्रेमळ गेलं, हसतमुख गेलं, कामं तेवढी राहिली. मी ते पान न कुरकुरता बाहेर काढलं.

पुढचं शमशेरनंच येऊन सांगितलं. साहेबही माझ्यासारखेच संशयी. त्यांनी कागद वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हूक जोडतोस? जोडून दाखव." शमशेरनं जोडला. त्यांनी त्यावर घण घालून बघितला. जोड हलला नाही, आणि जागा शमशेरला मिळाली. सांगताना बिचाऱ्याचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

आता ताई मानपत्रं लिहीत नाहीत. आसपासच्या गावांतली माणसं बायोडाट्यासाठी येतात आणि ताई आधी खात्रीसाठी फोन लावतात. माझा स्वभाव मात्र गेला नाही. नवा माणूस दिसला की मी गुरगुरतोच.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. माझ्यातली धूळ पुसत जा, अडकलेला कागद हिसकू नका. आणि स्वतःबद्दल काही छापून घ्याल, तर एवढंच घ्या, की समोरचा 'करून दाखव' म्हणाला तरी लगेच करून दाखवाल.