दोष माझा, नाव उज्ज्वलाच्या पायाचं

मी ब्रेकचा बूस्टर बोलतोय. परवापर्यंत रामलाल आडेच्या जुन्या पांढऱ्या गाडीत होतो. दिसायला पत्र्याचा काळा डबा, जेवणाच्या ताटाएवढा. पोटात रबरी पडदा. कुणी ब्रेकवर पाय ठेवला की इंजिनाच्या मदतीनं मी त्या पायाचा जोर कितीतरी पट वाढवतो. अशक्त माणसालाही गाडी सहज थांबवता यावी, एवढ्यासाठीच माझा जन्म.

उमरखेडच्या एका मास्तरांकडे मी दहा वर्षं इमानानं राबलो. मग रामलालनं गाडी विकत घेऊन पुसदजवळच्या आपल्या तांड्यावर आणली. तीन वर्षांपूर्वी माझा पडदा फाटला.

मी काही लपवलं नाही. ब्रेक दाबला की फुस्स करून ओरडायचो. पेडल दगडासारखं कडक केलं. आणखी काय करायचं होतं? रामलालनं ब्रेकचे पॅड बदलले, ऑइल बदललं, पुढे लिंबू-मिरची बांधली. माझ्याकडे कुणी बघेना. शेवटी तो अंगाचा सगळा भार टाकून पेडल दाबायला शिकला, आणि त्याचाच त्याला अभिमान वाटायला लागला.

‘माही गाडी दुसऱ्या कोनाले थांबवता येत नाही,’ तो तांड्यावर सांगायचा. लोक माना डोलवायचे. बिघाडाचा असा सत्कार मी तीन वर्षं सोसला.

त्याची मुलगी उज्ज्वला पुसदला नोकरी करते. तांड्यातल्या चार मुली दहावीनंतर घरी बसल्या होत्या, कारण पुसदच्या कॉलेजच्या वेळेला एसटी नाही. उज्ज्वलानं गाडी शिकून लायसन काढलं.

‘बा, मले रोज जायचंच आहे. गाडी दे, चौघींले सोबत नेईन.’

‘आधी उतारावर थांबवून दाखव,’ रामलाल म्हणाला.

मुलींचे वडील बघायला जमले. उतारावर उज्ज्वलानं ब्रेक दाबला. मग दोन्ही पायांनी दाबला. गाडी सावकाश, पण थेट सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुश्शाच्या ढिगात घुसली. टपावर कुटार, काचेवर कुटार. लागलं कुणालाच नाही, हसले मात्र सगळे.

‘पायात जोर लागते,’ एका मुलीचा बाप उकंडा म्हणाला. ‘पोरीचा पाय हलका. आमी नाही पाठवत.’

रामलाल मिशीत हसला. ते त्याच्या बायकोला, लालीबाईला, खपलं नाही. ‘तुमच्याच्यानं काय फुलावानी थांबते? रोज गुडघ्याले तेल कोन लावते, मी का शेजारीन?’

मी चिडून चिडून फुसफुसत होतो. चार मुलींचं कॉलेज एका फाटक्या रबरापायी बुडत होतं, आणि ही माणसं एका पोरीचा पाय मोजत बसली होती.

उज्ज्वला गाडीतून उतरली नाही. हसणं ओसरल्यावर तिला माझा आवाज ऐकू आला. तिनं इंजिन बंद केलं, पेडल पाच-सहा वेळा दाबलं, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू केलं. ही परीक्षा तिला गाडी शिकवणाऱ्या मॅडमनी दाखवली होती. मी धड असतो तर पेडल थोडं खाली गेलं असतं. ते हललं नाही.

‘बा, तू करून पाह्य.’

रामलालनं केलं. दोनदा केलं. पेडल त्याच्याही पायाखाली हललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॅक्टरला बांधून पुसदच्या गॅरेजात नेली. धम्मरत्न मिस्त्रीनं माझी नळी काढून बघितली. ‘काका, हा बूस्टर बदलाच.’

‘चालते ना गाडी अजून.’

‘चालतेच. थांबत नाही.’

पेडलमागचे चार नट खोलून त्यानं मला काढलं आणि नवा बसवला. गाडी चालवून बघताना रामलालनं सवयीनं अंगाचा भार टाकला, तशी गाडी जागेवर थांबून त्याचं कपाळ काचेला टेकता टेकता राहिलं. मग उज्ज्वला चालवायला बसली आणि तिनं गाडी गॅरेजच्या फाटकाशी अलगद उभी केली.

‘उकंडाले मी सांगतो,’ रामलाल शेजारच्या सीटवर सरकत म्हणाला. ‘पाय बरोबर होता म्हणून.’

आता मी गॅरेजच्या भंगारात आहे. काल एक गिऱ्हाईक जुना बूस्टर शोधत आलं होतं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, ‘याले रंग मारून द्या, चालून जाईल.’ धम्मरत्नभाऊ, माझ्यासारखे टाकून दिलेले सगळे ‘आम्हाला पुन्हा वापरा’ म्हणून विनवतात. मी उलटं मागतोय. मला रंग मारू नका. आणखी कुठल्या तरी उतारावर आणखी कुणी तरी पोर माझ्यापायी हसू करून घेईल. तुमच्या हाताशी छन्नी आहे, हातोडा आहे. घाला माझ्या पाठीत.