दोन तासांचं अंतर

"काकू, ही कात्री आत नेता येणार नाही. इथं टाका."

विमानतळावर तपासणीला उभ्या असलेल्या मुलीनं प्लॅस्टिकचा डबा पुढं केला. त्यात लायटर, नेलकटर, कुणाचा तरी मोडका चाकू. टेलरकाकूंनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यात? अगं, भंगार आहे का ही?"

"नियम आहे, काकू. मोठ्या बॅगेत ठेवायची होती."

मोठी बॅग तर केव्हाच पट्ट्यावरून आत गेली होती. पण कात्री बॅगेत घालायची, हे काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपली कात्री परक्याच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा धंद्यातला नेम. म्हणून फडक्यात गुंडाळून पर्समध्ये घेतलेली. नवरा गेल्यावर पहिल्या कमाईतून आणलेली ही कात्री. हिच्याच जोरावर पोरगा इंजिनिअर झाला. आणि आता तोच म्हणत होता, दुकान बंद कर, कायमची माझ्याकडे ये. मधे अकराशे किलोमीटर. "अंतर कसलं गं आई, विमानानं दोन तास!" हे त्याचं दर रविवारचं पालुपद. चार वर्षांत स्वतःला मात्र यायला जमलं नव्हतं.

काकूंनी त्याला फोन लावला.

"टाकून दे ना, आई! तुला दहा घेऊन देतो. आणि इथं कात्री लागतेय कशाला? आता बस की निवांत."

म्हणजे सून-मुलगा कामावरून येईपर्यंत खिडकीत बसून रस्ता बघायचा!

"मग मी येतच नाही."

"आई, वेड लागलंय का? विमान सुटेल!"

"सुटू दे."

तुमची बॅग शोधून उतरवावी लागेल, सगळ्यांना उशीर होईल, असं एका साहेबानं येऊन दरडावलं.

"होऊ दे की," काकू म्हणाल्या. "मी चार वर्षं थांबलेय. हे थांबतील घटकाभर."

डबा धरलेली मुलगी तोंड फिरवून हसली.

दुपारी रिक्षा दुकानापुढं थांबली, तशी शेजारची इस्त्रीवाली धावत आली. दुकानाची किल्ली तिच्याकडेच होती.

"अगंबाई! विमान चुकलं?"

"मुद्दाम चुकवलं. आण किल्ली. आणि मशीन विकत न्यायला उद्या तो माणूस येईल ना, त्याला सांग, चालता हो."

काकूंनी शटर वर ढकललं, मशीनवरची चादर ओढून काढली. कपाटातून निळं कापड काढून टेबलावर पसरलं. मुलासाठी केव्हाचं राखून ठेवलेलं. गल्लीतल्या एकूण एक माणसाची मापं त्यांना तोंडपाठ होती. पोटच्या पोराची मात्र आता ठाऊक नव्हती.

फोन वाजला.

"आई, झालं ते झालं. पुढचं तिकीट कधीचं काढू?"

"माझं नको, तुझं काढ. तुला शर्ट शिवायचाय."

"बरं, माप पाठवतो ना मेसेजवर."

"नाही. माझ्या हातानं घेणार. ये तू. दोनच तास तर लागतात."

त्याच्या उत्तरासाठी काकूंनी फोन चालूच ठेवला. टेप गळ्यात अडकवली, कापडावरच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या आणि कात्री शेजारी ठेवून त्या स्टुलावर बसल्या.