प्रश्न उद्भवत नाही

आरोग्य खात्यात बाईंचं टेबल आमदारांच्या प्रश्नांचं. अधिवेशन जवळ आलं की प्रांताच्या सभागृहाकडून प्रश्न यायचे आणि मंत्र्यांनी वाचायची उत्तरं बाई तयार करायच्या. एकोणीस वर्षांत हात इतका बसला होता, की कुठे ‘हे खरे नाही’ चालेल आणि कुठे ‘अंशतः खरे आहे’वर भागेल, हे त्या चहा संपायच्या आत सांगायच्या.

त्या दिवशीचा प्रश्न त्यांच्याच गावच्या सरकारी रुग्णालयाचा निघाला. डायलिसिसच्या चार मशीनपैकी तीन सात महिन्यांपासून बंद आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?

खरंच होतं. बाईंचा धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा तिथे जायचा. मशीन बंद पडल्यापासून तो दोन तास बसमध्ये धक्के खात दुसऱ्या शहरात जात होता. पण रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून आलेल्या अहवालात एकच ओळ होती, चार मशीन उपलब्ध आहेत. बाईंनी फोन लावला, तर अधीक्षक म्हणाले, उपलब्ध आहेतच की, कुठे पळून गेलीत?

बाईंनी ‘हे खरे आहे’ असं लिहून फाइल वर पाठवली. उपसचिवांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. बसायला सांगितलं, पाणी मागवलं, मग विचारलं, की अहवालाच्या बाहेरचं उत्तर द्यायचं तर आधार काय दाखवणार?

"माझा भाऊ," बाई म्हणाल्या.

त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. "भाऊ जोडपत्र म्हणून लावता येत नाही, बाई."

संध्याकाळी फाइल त्यांच्या अक्षरातल्या दुरुस्तीसह परत आली. हे खरे नाही. चारही मशीन उपलब्ध आहेत. कारणांचा प्रश्न उद्भवत नाही. बाईंनी टाइप करून घेतलं आणि खाली सही केली.

सभागृहात बाई अधिकाऱ्यांच्या गॅलरीत उपसचिवांशेजारी बसल्या होत्या. प्रश्न विचारणाऱ्या आमदार पूर्वी शाळेत शिकवायच्या. मंत्र्यांचं उत्तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मशीन आहेत किती, हे मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "आज सकाळी चालू किती होती?"

मंत्र्यांनी गॅलरीकडे पाहिलं. बाईंनी चिठ्ठीवर ‘एक’ एवढंच लिहिलं आणि शिपायाच्या हाती दिली. उपसचिवांनी पाहिलं, पण अडवलं नाही.

मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मशीन केंद्राच्या योजनेतली आहेत, दुरुस्तीचा करारही केंद्राचाच, असं ते सांगू लागले. आमदार म्हणाल्या, केंद्राला विचारलं तर ते म्हणतात रुग्णालय प्रांताचं, तेव्हा आम्ही जायचं कुणाकडे? मंत्री म्हणाले, सविस्तर माहिती पटलावर ठेवू. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. तो बसथांब्यांच्या छपरांवरच्या खर्चाचा होता.

भावाने ते टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, ते उत्तर तुझ्या टेबलावरून गेलं का?"

"हो."

बाईंनी अहवालाचं सांगितलं, दुरुस्तीचं सांगितलं, चिठ्ठीचंही. सगळं ऐकून तो म्हणाला, बस लागलीय, चढतो.

कबूल केलेली माहिती तीन आठवड्यांनी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, इतर सत्तावीस कागदांबरोबर पटलावर गेली. त्यात एक मशीन चालू असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. बाईंनीच लिहिलं होतं आणि या वेळी कुणी खोडलं नाही. बाकं अर्धी रिकामी होती. तो कागद कुणी उचललाही नाही.

तोवर भाऊ आठवड्यातून दोनदाच जायला लागला होता. तिसऱ्या खेपेचा प्रवास त्याला झेपेना. भावजयीने फोनवर सांगितलं, की पाय सुजलेत, चप्पलही चढत नाही. बाईंनी विचारलं, "मी काय करू, सांग."

"तुम्ही तरी काय करणार, ताई," ती म्हणाली, आणि मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मबद्दल विचारू लागली.