मापाच्या वहीतली गाडी

निवृत्त झाल्याच्या तिसऱ्याच आठवड्यात रेकॉर्डसाहेबांनी घरात पहिली बैठक बोलावली. बावीस वर्षं एका मोठ्या कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळलेला माणूस. त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही, अशी त्यांची ख्याती होती. मागितल्यावर वेळेत एकही कागद सापडला नाही, ही गोष्ट मात्र ख्यातीत धरायची पद्धत नव्हती.

बैठकीला चौघं होते. साहेब, त्यांचा मुलगा, मुलगी आणि बायको. मुलगा संगणकावर नोकरी करायचा. पान्हा त्याने कधी धरला नव्हता, पण पान्हा कसा धरावा याचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले होते. मुलगी दिवसभर फोटो काढायची आणि रात्री त्यांना किती जणांनी पसंती दिली ते बघत बसायची. बायकोला सगळी गल्ली शिलाईताई म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. सैल कपडे घट्ट करणं, घट्ट सैल करणं, कोट उसवून नव्याने बेतणं, ही तिची कामं.

"विषय क्रमांक एक," साहेब म्हणाले. "शेडमधली जुनी गाडी. आपण सगळ्यांनी मिळून ती नव्यासारखी करायची. अशाने कुटुंब जवळ येतं, असं मी मासिकात वाचलंय."

शिलाईताईंच्या हातातली सुई थांबली. ती गाडी त्यांच्या वडिलांची. वडीलही शिंपीच. शिंप्याकडे गाडी म्हटल्यावर लोक हसायचे, आणि ते हसणाऱ्यांना गाडीत बसवून एक फेरी मारून आणायचे. सतराव्या वर्षी त्यांनी लेकीला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं. पुढे ते गेले आणि गाडी लेकीच्या घरी शेडमध्ये ताडपत्रीखाली येऊन राहिली. पण लेकीचं चालवणं त्याच्याही आधी सुटलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या गाडीला फाटकाचा एक ओरखडा काय उठला, साहेब म्हणाले, "राहू दे, मी आहे ना." ते 'राहू दे' एकतीस वर्षं राहिलं. तेव्हापासून त्या शेजारच्या सीटवर बसायच्या, आणि बसल्या की साहेब न चुकता म्हणायचे, "दार नीट लाव." त्या लावायच्या. मग साहेब त्यांच्या अंगावरून हात लांब करून दार पुन्हा उघडायचे आणि स्वतः लावायचे.

गाडी पुन्हा चालणार म्हटल्यावर त्यांच्या मनात एकच गोष्ट आली. एकदा, फक्त एकदा, ती आपण चालवायची. पण हे बैठकीत सांगायचं कसं, ते काही त्यांना सुचेना.

साहेबांनी खातेवाटप केलं. अध्यक्ष ते स्वतः. तांत्रिक प्रमुख मुलगा. प्रसिद्धी मुलीकडे.

"आणि मी?" शिलाईताईंनी विचारलं.

साहेबांनी कागद खालपर्यंत वाचला. "इतर कामं," ते म्हणाले.

इतर कामांत चहा होता, कपड्यांवरचे तेलाचे डाग होते, आणि निघालेला प्रत्येक नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन पुसून देणं होतं. म्हणजे गाडीला हात लावण्याचं जेवढं खरं काम होतं, ते सगळं इतरांतच होतं.

गाडी खोलायला मात्र घरात कुणाची ना नव्हती. खोलण्याचं काम माणसाला फार आवडतं. तांत्रिक प्रमुखांनी एका सुट्टीत चारही दारं काढली. प्रसिद्धीने दर बोल्टसोबत वडिलांचा एक फोटो काढला, आणि साहेब दर फोटोत दूरवर बघत होते. संध्याकाळी घमेलंभर लोखंड शिलाईताईंकडे धुवायला यायचं, आणि धुऊन झालं की साहेब ते खोक्यांत भरायचे. पन्नास खोकी त्यांनी आणली होती, प्रत्येकावर एक अक्षर. अडीच-तीनशे बोल्ट 'ब'च्या खोक्यात गेले. नळ्या सगळ्या 'न'मध्ये, मग ती नळी पाण्याची असो की पेट्रोलची.

"अहो," शिलाईताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "असे सगळे बोल्ट एकत्र नका टाकू. कुठला कुठून निघाला ते कसं कळणार?"

"अगं, बावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय मी. अक्षरवारी म्हणजे अक्षरवारी. बोल्ट हवा असला की 'ब' उघडायचा. यात न कळण्यासारखं काय आहे?"

त्या घमेलं उचलून आत गेल्या. पण शिंप्याच्या पोरीला एक खोड असते. उसवलेल्या कोटाची बाही कुठली आणि अस्तर कुठलं ते टिपल्याशिवाय तिचा हात पुढे जात नाही. त्यांच्या मशीनची खिडकी शेडकडेच उघडत होती. काय कुठून निघालं ते त्यांना बसल्या जागी दिसायचं. गिऱ्हाइकांच्या मापाची त्यांची एक जाड वही होती. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, 'गिऱ्हाईक: बाबांची गाडी.' धुतलेला बोल्ट त्या कागदावर आडवा ठेवायच्या, कडेने पेन्सिल फिरवायच्या आणि शेजारी टिपायच्या: 'पुढचं डावं दार, वरून दुसरा. जरा वाकलेला आहे, बाबांनी वाकडाच लावला होता, तसाच लावणे.' मग तो 'ब'च्या खोक्यात जाऊन आपल्या भाऊबंदांत हरवायचा. असं करता करता वहीची चव्वेचाळीस पानं भरली.

गाडीचा नुसता सांगाडा उरल्यावर साहेबांनी जोडणीचा शुभारंभ जाहीर केला. तांत्रिक प्रमुखांनी 'ब' उघडलं. आत बघून ते बराच वेळ उभेच राहिले. मग त्यांनी एक बोल्ट घेऊन दाराला लावून पाहिला, दुसरा लावून पाहिला, तिसरा लावून पाहिला. तेराव्या बोल्टाला त्यांना कचेरीतून तातडीचा फोन आला. त्यानंतर दर सुट्टीला त्यांना तातडीचाच फोन येऊ लागला. प्रसिद्धीचं म्हणणं पडलं की गंजाच्या फोटोंना आता कुणी विचारत नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. या घरात ते मोजून सात भरले.

बैठका मात्र चालूच होत्या. तिसऱ्या बैठकीत शिलाईताईंनी तोंड उघडलं. "माझ्या वहीत सगळं—"

"इतर विषय शेवटी," साहेब म्हणाले.

शेवट यायच्या आत जेवणाची वेळ झाली, आणि जेवण हेही इतर कामांतच होतं. चौथ्या बैठकीतही तसंच झालं. पाचव्या बैठकीत साहेबांनी जड आवाजात ठराव वाचला. गाडी मुळातच सदोष आहे. सबब तिचं जुळवणं शक्य नाही. येत्या शनिवारी भंगारवाल्याला द्यावी. बाजूने तीन हात वर झाले.

शिलाईताई उठून मशीनपाशी जाऊन बसल्या. मशीन चालवलं नाही. त्यांना रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. नवऱ्याचा कमी आणि स्वतःचा अधिक. सांगाड्याला आपण चव्वेचाळीस पानं दिली आणि त्या पानांसाठी दोन वाक्यं आपल्याच्याने बोलवली नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी वही पिशवीत टाकली आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेल्या. तिथला मिस्त्री त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या कामाच्या कपड्यांचे खिसे पान्ह्यांच्या वजनाने दर महिन्याला फाटायचे आणि त्या शिवून द्यायच्या.

साहेबांनी मागे एकदा या मिस्त्रीला घरी बोलावलं होतं. पन्नास खोकी बघून तो म्हणाला होता, "साहेब, हे गाडीचं काम नाही. हे डाळीतले खडे निवडायचं काम आहे," आणि चहा न घेता निघून गेला होता. आता तो वही चाळू लागला. पाचव्या पानावर त्याने चष्मा लावला. दहाव्या पानावर स्टूल ओढून बसला.

"ताई, हे कुणी काढलं?"

"मीच. धुताना."

"आणि हे घरात पडलेलं असताना ते लोक गाडी मोडीत काढतायत?" मिस्त्रीने वहीवरचा धुळीचा कण फुंकरीने उडवला. "काखेत कळसा असतो तो असा. जोडतो मी. पण तुम्ही शेजारी बसून वाचायचं. तुमचं अक्षर मला लागत नाही."

शनिवारी भंगारवाला आला. टेम्पोतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "कागदपत्रं आणा. मालकाची सही लागेल."

साहेब खुलले. कागद मागणारा माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता. त्यांनी कपाट उघडून 'ग'ची फाईल काढली, आणि खरोखर, गाडीचं पुस्तक अर्ध्या मिनिटात सापडलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. भंगारवाल्याने पुस्तक उघडून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं.

"इथे बाईंचं नाव आहे," तो म्हणाला.

मालकाच्या रकान्यात शिलाईताईंचं नाव होतं, तेही माहेरचं. वडिलांनी गाडी केव्हाच लेकीच्या नावावर केली होती. तो कागद हरवला नव्हता. नीट लावलेला होता, वरून क्रमांक टाकलेला होता. बावीस वर्षांच्या सवयीप्रमाणे तो वाचलेला तेवढा नव्हता.

"अगं, सही कर," साहेब म्हणाले.

"नाही करत."

"ठराव झालाय."

"झाला असेल. गाडी माझ्या बाबांची आहे, आणि आता माझी आहे. ती भंगारात जाणार नाही." शब्द एकही गाळला नाही. मग भंगारवाल्याला म्हणाल्या, "दादा, चहा घेऊन जा. तुमची फेरी फुकट गेली."

पुढचे सहा आठवडे शेडमध्ये दोघंच असायचे. शिलाईताई वाचायच्या, "उजवं मागचं दार, खालून पहिला, आखूड," आणि मिस्त्री बोल्ट कागदावरच्या आकृतीत ठेवून बघायचा. बसला की "हा बघा आला घरी!" असं म्हणायचा. सीटचे कपडे ताईंनी स्वतः बेतले. एका संध्याकाळी इंजिनाने दोनदा खोकून आवाज धरला, तेव्हा त्या शेडच्या भिंतीला टेकून चक्क रडल्या. मिस्त्री उगाचच हात पुसत राहिला.

इंजिनाचा आवाज ऐकल्याबरोबर प्रकल्प पुन्हा कुटुंबाचा झाला. तांत्रिक प्रमुखांचे तातडीचे फोन बंद पडले. प्रसिद्धीने वडिलांना बोनेटवर कोपर टेकवायला लावून चाळीस फोटो घेतले. साहेबांनी रविवारी सकाळी शेजारीपाजारी आणि कचेरीतले जुने सहकारी बोलावले, आणि 'सांघिक प्रयत्न' या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले. त्यात मिस्त्रीचा उल्लेख एकदा आला. वहीचा आला नाही. शेवटी मात्र ते म्हणाले, "इतर अनेकांचंही सहकार्य लाभलं."

मग ते ऐटीत गाडीत बसले. शिलाईताई नेहमीप्रमाणे शेजारच्या दाराकडे वळल्या, तर साहेब म्हणाले, "तू थांब, फोटोत मी एकटा बरा."

साहेबांची रोजची गाडी गेली बारा वर्षं स्वतःच गिअर बदलायची. क्लच नावाचं प्रकरण त्यांचा डावा पाय केव्हाच विसरला होता, आणि या गाडीचा गिअर तर स्टिअरिंगच्या दांडीला होता. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. चौथ्या उडीला साहेबांची टोपी मागच्या सीटवर गेली. कचेरीतले सहकारी टाळ्या वाजवायच्या तयारीत हात धरून उभे होते, ते हात हळूहळू खिशात गेले.

"इंजिनाला ओढ नाही," साहेब खिडकीतून म्हणाले. "आणि हा रस्ताही जरा चढाचा आहे."

रस्ता सपाट होता. नाचता येईना त्याला अंगण कधी सरळ मिळालंय? मिस्त्री काही बोलायला पुढे झाला, पण ताईंनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. साहेब खाली उतरले, बोनेट उघडलं आणि आत बघत विचारमग्न झाले. फोटोही निघाला.

शिलाईताई चालवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसल्या. एकतीस वर्षं थोडी नाहीत. पाय विसरला असला तर? चार लोकांसमोर आपणही उड्या मारल्या तर 'राहू दे' आता जन्मभराचं होईल. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि ते जागच्या जागी बसले. बाबा सांगायचे ते आठवलं. चोक दोन बोटं ओढायचा, तिसरं बोट लोभाचं. आणि क्लच सोडायचा तो टाका सोडतात तसा, दोऱ्याला कळू न देता.

"बोनेट लावा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने लावलं. गाडी सुरू झाली, एका दमात, आणि सावकाश पुढे सरकली. लोक बाजूला झाले. मग कुणीतरी एकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांना धीर आला. मुलीने फोन वर धरला आणि तसाच खाली आणला. ती नुसती बघतच राहिली.

"अगं! अगं, थांब! मी राहिलोय!" साहेब मागून धावत आले.

ताईंनी गाडी थांबवली. बंद पडू न देता. साहेब धापा टाकत पुढून वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. एवढ्या वर्षांत त्या बाजूने गाडी कशी दिसते ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. हात कुठे ठेवावेत तेही त्यांना कळेना. त्यांनी दार ओढून घेतलं.

"दार नीट लावा," शिलाईताई म्हणाल्या.

"लावलंय की."

त्यांनी साहेबांच्या अंगावरून हात लांब केला, दार उघडलं, पुन्हा लावलं, आणि गाडी रस्त्याला काढली.