शेवटच्या घराचं पाणी

“पाणी भरून झालं का नळाचं तोंड बंद करूनच मांग फिरजो, सूनबाई.”

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, तरी हे वाक्य सुलोचनाच्या कानात होतं. नुसतं कानातच होतं, तेवढीच पंचाईत.

नाचणगावच्या त्या गल्लीत एक दिवसाआड पहाटे नळ येई. गाडी धुवायला रबरी नळी नीट बसावी म्हणून हेमराजनं, तिच्या नवऱ्यानं, नळाची तोटी काढली ती काढलीच. दोन वर्षं ती खिडकीत पडून होती. तो म्हणे, “उद्या लावतो,” आणि सुलोचनाही मान हलवी. बहुतेक घरी हीच तऱ्हा. नळी टाक्यात सोडायची आणि पोहे टाकायला आत जायचं. टाकं भरून पाणी नालीत, नाली तुंबून रस्त्यावर. मग दारात चिखल, घरात डास, आणि सगळ्यांच्या तोंडी ग्रामपंचायतीच्या नावानं शिव्या. मोठी मोटर बसवा म्हणून अर्जही देऊन झाला होता. पाणी सोडणारा चंद्रभान तेवढा म्हणाला, “आणा ना भाऊ हत्तीएवढी मोटर. नळाले तोटीच नाई, तं ते काय करंल?” लोक हसले आणि अर्जावर सह्या करून घरी गेले.

गल्लीच्या टोकाला, चढावर, शकुंतलाबाईंचं शेवटचं घर. सत्तरीची एकटी बाई. तिच्या नळाला पाणीच येत नसे. ती हापशीवरून हंडा आणी.

आषाढी एकादशीला मंदिरात बायका चातुर्मासाचे नेम बोलत होत्या. कोणी लाख वाती बोललं, कोणी कांदा सोडला. सुलोचनानं वांगं सोडलं.

“तुले तसंही वांगं कुठं आवडते वं?” मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तो ओसरल्यावर शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या, “यंदा महालक्ष्म्यांचे मुखवटे समुद्रपूरले दिराकडे धाडते म्हणते. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वर पाहुणे. हापशीच्या पाण्यावर होत नाई माय आता.”

चार पिढ्या त्या घरी भादव्यात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत होत्या. सुलोचनाच्या समोर राहणाऱ्या आनंदाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे.

“माया नेम लहानसाच आहे,” त्या म्हणाल्या. “नळाच्या दिवशी गल्लीतून एक फेरी. कुठं पाणी वाहून राह्यलं असंल, तं बंद करीन.”

आणि त्या खरंच निघाल्या. हातातल्या पिशवीत दाणे काढलेली मक्याची कणसं. टाकं भरलेलं दिसलं की नळी बाजूला करायची, तोटी नसेल तिथं कणीस घट्ट बसवायचं आणि पुढच्या दारी जायचं. कोणाला शब्दानं बोलणं नाही. पाऊस असो, उपास असो, फेरी चुकली नाही.

“काऊन काकू, पंचायतीनं पगार चालू केला का?” एकदा एकानं विचारलंच.

“केला न बापू. पण वरून येते तो, वेळ लागते.”

सुलोचना खिडकीतून बघत राही. घरात कोरडे नेम तिनं पुष्कळ पाहिले होते. चिखलात पाय घालून केलेला हा पहिलाच. पाचव्या पाळीला आपल्याच नळात कणीस पाहून तिला ओशाळल्यासारखं झालं. तिनं खिडकीतली तोटी उचलली, आट्यांवर सूत गुंडाळलं आणि पान्ह्यानं आवळून बसवली. दहा मिनिटांचं काम होतं.

मग शेजारणीनं बसवली, मग तिच्या शेजारणीनं. निम्म्या नळांना तोट्या आल्या, उरलेल्यांना कणसं पुरली. शकुंतलाबाईंचा नळ आधी नुसता फुसफुसला, मग एक हंडा भरला, आणि श्रावण सरता सरता तीन. मुखवटे धाडायचं त्यांनी मनातून काढून टाकलं.

भादव्यात मात्र आनंदाबाईंना लेकीच्या बाळंतपणाला हिंगणघाटला जावं लागलं. महालक्ष्म्यांच्या आधी नळाच्या दोनच पाळ्या उरल्या होत्या.

“दोन दिवस पाह्यजो वं,” त्या जाताना म्हणाल्या. सुलोचना हो म्हणाली.

पहिल्याच पाळीला हेमराजच्या डब्याची घाई होती. एका दिवसानं काय होते, म्हणून ती फेरीला गेली नाही. उन्हं वर आल्यावर तिला शकुंतलाबाई दिसल्या. कमरेवर हंडा, दहा पावलांवर थांबत चढ चढत होत्या. सुलोचनानं धावत जाऊन हंडा घेतला.

“नळाले काय झालं, कोणास ठाऊक,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “आजचा भरोसा नाई, तं त्या दिवशी काय करू? उद्या पुतण्याले बोलावते, मुखवटे घेऊन जाईन.”

त्यांच्या घरात मुखवटे पांढऱ्या धोतरात गुंडाळून बांधून ठेवले होते. गाठ अजून ताजी होती. सुलोचना त्या गाठोड्याजवळच बसली.

“काकू, नळाले काई नाई झालं. मी फेरीले गेली नाई.”

शकुंतलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “विसरली?”

“नाई. आळस केला.”

“हं. खरं बोलली, हे बरं केलं.”

“मुखवटे धाडू नका. परवा तुमचं टाकं भरंल. मी सांगते ना.”

“मंग गठुडं सोडू मी?”

“सोडा.”

त्यांनी गाठ सोडायला घेतली. सुलोचनानं मदत केली नाही; ती त्यांनीच सोडावी असं तिला वाटलं.

पुढच्या पाळीच्या दिवशी पहाटे ती चारला उठली, अंघोळ केली, देवापुढं दिवा लावला. पोळ्या झाकून ठेवल्या. बाहेर चंद्रभाननं पाणी सोडलं असावं. पाइपातली हवा घरघरायला लागली.

“अन् माया डबा?” अंथरुणातून हेमराज म्हणाला.

“पोळ्या केल्या आहेत. भाजी गरम करून घेजा.”

कणसांची पिशवी घेऊन, पायऱ्या उतरून ती शेजारच्या फाटकाशी आली. आत पाणी फरशीवर पडत होतं. तिनं पदर खोचला आणि आवाज न करता कडी काढली.