सातव्या भागाचा नंबर

"यादवी युद्धाला दोन गुरुवार म्हणजे जरा जास्तच होतंय," ऑर्व्हल ट्वेटन म्हणाला, आणि एवढं कडक बोलल्याचं त्याचं त्यालाच वाईट वाटून त्याने घाईने कॉफीचा घोट घेतला.

"युद्धच चार वर्षं चाललं," केर्मिट सॉलबर्ग म्हणाला. "त्या मानाने दोन गुरुवार म्हणजे काहीच नाही."

"मी कुठे म्हणतो जास्त आहेत?"

"आत्ताच म्हणालास."

"आपलं एक बोलून बघितलं."

टोरवाल्ड गावच्या लायब्ररीत, तळघरातल्या लांब टेबलाशी, इतिहास मंडळाची सभा चालू होती. मंडळात माणसं तीन. ऑर्व्हल, जो धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाला होता. केर्मिट, ज्याने जन्मभर खिळे-बिजागऱ्या विकल्या आणि रात्री यादवी युद्धावरची पुस्तकं वाचली. आणि मायर्टल ब्राटलंड, जी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि दर सभेला लिंबाच्या वड्या आणायची. चौथी योलांडा ट्रेविनो, नवी लायब्रेरियन. ती ऑगस्टमध्ये टेक्सासहून मिनेसोटात आली होती आणि अजून अंगात दोन कोट घालून बसायची.

प्रश्न साधा होता. 'तेरा वसाहतींपासून पुढे' ही अमेरिकेच्या इतिहासावरची मालिका हिवाळ्यात मोठ्या पडद्यावर गावाला दाखवायची. मालिकेचे भाग अकरा, हॉल मिळणार सहा गुरुवार. त्यानंतर हॉल गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा, आणि त्यांच्याशी वाद घालायची छाती यादवी युद्धातल्या सेनापतींचीही झाली नसती. तेव्हा प्रत्येकाने अकरा भागांना नंबर द्यायचे, बेरीज करायची आणि वरचे सहा दाखवायचे. ही योलांडाची कल्पना. तिला वाटलं, मत विचारलं की माणसं मत देतात.

"सोन्याच्या शोधाचा भाग कसा वाटला?" तिने विचारलं.

मायर्टलने विचार केला. "वेगळा आहे."

"वा! म्हणजे आवडला."

केर्मिटने समजुतीच्या सुरात सांगितलं, "वेगळा म्हणजे वेगळा."

टोरवाल्डमध्ये याहून वाईट शब्द छापून येत नसे.

ऑर्व्हलला सोन्याशी आणि सेनापतींशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता सातवा भाग. 'गव्हाचं रान'. तो काढायला बऱ्याच वर्षांपूर्वी माणसं कॅमेरे घेऊन टोरवाल्डला आली होती आणि त्यांनी शाळेच्या पायरीवर ऑर्व्हलच्या बायकोला, आर्डिसला, बसवून बोलतं केलं होतं. आर्डिस शाळेत शिकवायची. आजी इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेकळांच्या घरात कशी राहिली, ते तिने सांगितलं होतं. भाग टीव्हीवर लागला तेव्हा ती स्वतः मात्र "माझा आवाज बदकासारखा येतो" म्हणून स्वयंपाकघरात भांडी घासत बसली. तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले होते.

त्या भागाची डिस्क ऑर्व्हलच्या घरी होती. नाही असं नाही. पण एकट्याने बघायला बसलं की ती फक्त आपल्याशीच बोलतेय असं वाटायचं, आणि मग उत्तर देणं भाग पडायचं. त्याला ती हॉलमध्ये ऐकायची होती. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, तिच्या हाताखाली शिकलेलं निम्मं गाव समोर गप्प बसलेलं, आणि तिने सांगितलेला आजीच्या कोंबडीचा किस्सा आला की सगळे एकदम हसलेले. एवढंच. एकदाच.

आता हे तोंडाने सांगायचं तर टोरवाल्ड सोडून दुसऱ्या गावात जन्म घ्यायला हवा होता. इथे ज्याच्या मक्याला जत्रेत पहिलं बक्षीस मिळतं, तो "पाऊस बरा झाला" म्हणतो आणि बक्षिसाची फीत कोठीघरात लटकवतो. आपलं गाव, त्यात आपली बायको, आणि तिला आपणच पहिला नंबर द्यायचा? ऑर्व्हलने तीन दिवस विचार करून सातव्या भागाला चौथा नंबर दिला होता. चौथा बरा दिसतो. बाकीचे दोघं पहिला देतीलच. त्यांना कळणार नाही तर कोणाला कळणार?

योलांडाने बेरीज केली आणि निकाल वाचला. यादवी युद्ध, पूर्वार्ध. यादवी युद्ध, उत्तरार्ध. रेल्वे. मंदी. चंद्रावरची स्वारी. सहावा, सोन्याचा शोध.

"वेगळा होता ना तो?" ऑर्व्हलच्या तोंडून निघून गेलं.

"नंबर द्यायला बसले," मायर्टल म्हणाली, "तर मला त्या शोध घेणाऱ्या लोकांची दया आली."

योलांडा पुढे वाचत गेली. दहावा, आयात-जकातीचा भाग, ज्यात एक दाढीवाला प्राध्यापक तासभर खुर्चीवरून हललेला नव्हता. आणि अकरावा, म्हणजे शेवटचा, 'गव्हाचं रान'.

ऑर्व्हलने कप बशीत ठेवला. जकातीच्याही खाली.

मायर्टलने आपला हात त्याच्या हातापासून चार बोटांवर आणून ठेवला. तिच्या दृष्टीने ही गळाभेट होती. "आम्ही बोललो नाही हं आपसात," ती म्हणाली. "पण मला वाटलं, तुला त्रास होईल रे. एवढ्या मोठ्या पडद्यावर आर्डिस, सगळ्यांच्या देखत. म्हणून मी शेवटचा दिला."

केर्मिट छताकडे बघत म्हणाला, "मीही. म्हटलं, त्याला कशाला उगीच."

इतक्या मायेने आपल्याला कोणी आजवर खड्ड्यात घातलं नव्हतं, असं ऑर्व्हलला वाटलं. त्याला टेबल उलटावंसं वाटलं. तो म्हणाला, "बरं केलंत. आभारी आहे."

योलांडा चिठ्ठ्यांकडे बघत होती. "पण तिसऱ्या चिठ्ठीत याला चौथा नंबर आहे," ती म्हणाली. "ऑर्व्हल, तुम्हाला हा भाग बघायचाय का? तसं असेल तर सोनं काढून टाकू नि हा घालू. काही अडचण नाही."

तळघरात कोणी इतकं सरळ कधी विचारलं नव्हतं. ऑर्व्हलचे कान तापले.

"छे छे," तो म्हणाला. "माझ्यासाठी कशाला?"

आणि तो वाट बघत बसला.

टोरवाल्डमध्ये पहिलं 'नको' म्हणजे नुसतं घसा साफ करणं. समोरच्याने पुन्हा विचारायचं. मग दुसरं 'नको', जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणून वडी उचलायची. केर्मिटच्या बायकोने लग्नालासुद्धा तिसऱ्या खेपेला होकार दिला होता आणि केर्मिटला त्यात काही खटकलं नव्हतं. पण योलांडाच्या गावी नको म्हणजे नको. वर पुन्हा विचारणं हा तिकडे उद्धटपणा.

"नक्की ना? ठीक आहे," ती म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.

ते 'नक्की ना' आग्रहात धरायचं की नाही, हे ठरवण्यात ऑर्व्हलची वेळ गेली. त्याने मायर्टलकडे बघितलं. मायर्टल योलांडाकडे बघत होती. ज्याने विचारलं त्यानेच पुन्हा विचारायचं असतं. मध्ये तोंड घालणं म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत आपण वाढायला लागणं. केर्मिट टोपी शोधत होता. सभा संपली.

बाहेर गाड्यांच्या पटांगणात उजेड उतरायला लागला होता. केर्मिट पलीकडे आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. योलांडा गाडीत बसून इंजिन गरम करत होती. ऑर्व्हल स्वतःशी वाक्य जुळवत तिच्या खिडकीपाशी गेला. वाक्य लहान होतं. 'मला तो बघायचाय.'

तिने काच खाली केली. "काही राहिलं का?"

"तुमचा पुढचा टायर बसलाय," ऑर्व्हल म्हणाला.

तो खरंच थोडा बसला होता, तेवढी अब्रू राहिली. ऑर्व्हलने आपल्या गाडीतून बॅटरीवर चालणारा पंप आणला, बर्फावर एक गुडघा टेकला आणि नळी जोडली. पंपाने घरघर सुरू केली. योलांडा दोन्ही कोट आवळत खाली उतरून त्याच्याशेजारी उभी राहिली. जरा वेळाने तिने विचारलं, "काय सांगतात हो तुमच्या मिसेस त्या भागात?"

"काही विशेष नाही," ऑर्व्हल म्हणाला.

"काय?" पंपाच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही.

"आपलं थंडीबिंडीबद्दल!"

"काय म्हणालात?" ती वाकली आणि तिने कानावरची टोपी वर केली.

ऑर्व्हलने श्वास घेतला. "फार सुंदर बोलते!" तो ओरडला. "तिच्यासारखं त्या सगळ्या मालिकेत कोणी बोललेलं नाही!"

पहिल्या वाक्यानंतरच टायर भरला होता आणि पंप आपोआप बंद पडला होता. त्यामुळे दुसरं वाक्य पटांगणभर गेलं.

पलीकडे केर्मिटचा हात काचेवर थांबला. मग त्याने मान खाली घातली आणि स्वच्छ झालेली काच पुन्हा खरवडायला घेतली.